आधी तो टेंभा खाली ठेवायला सांगा

वाचकाचं पत्र

आमचं घर सावंतवाडी तालुक्यात आहे, जुनं, कौलारू. मागच्या पडवीत वाशाला गांधीलमाश्यांनी पोळं केलंय. मे महिन्यात लिंबाएवढं होतं तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, आता चहाच्या बशीहून मोठं झालंय. माश्या तांबूस तपकिरी, पोटावर एक पिवळा पट्टा. खालीच कपडे वाळत घालायची दांडी आणि पलीकडे न्हाणीघर. गणपतीला तीन आठवडे राहिलेत, घराला रंग काढायचाय, मुंबईहून दीर-जावा मुलांना घेऊन येणार. आमचे हे म्हणतात, रात्री टेंभा लावून जाळून टाकतो, पाच मिनिटांचं काम. सासूबाई म्हणतात, हात लावाल तर माश्या डूख धरतील. शिवाय देवघराच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. ते मला खरवडायचंय, तर सासूबाई तेही करू देत नाहीत. म्हणतात, घरात पाळणा हलणार. (कोणाचा ते सांगत नाहीत.) नेटवर वाचलं की थंडी पडली की पोळं आपोआप मरतं. थांबावं का? की जाळावं?

आणि हो, गेल्या वर्षी नारळ सोलताना सासऱ्यांच्या मानेला एक गांधीलमाशी चावली, तर त्यांच्या सगळ्या अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि चक्कर येऊन ते अंगणातच बसले. तासाभराने बरं वाटलं म्हणून डॉक्टरकडे नेलं नाही. ते रोज सकाळी त्याच पोळ्याखालून अंघोळीला जातात.

उत्तर

ताई,

पत्राच्या शेवटी 'आणि हो' म्हणून जे लिहिलंत, तिथूनच मी सुरुवात करतो. पोळं वाशाला आहे, ते आज रात्रीत कुठे जात नाही. तुमच्या सासऱ्यांचं मात्र याच आठवड्यात बघायला हवं.

माशी मानेला चावली आणि मान सुजली, दुसऱ्या दिवशी सूज खांद्यापर्यंत उतरली, एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, काळजी नको. जिथे डंख तिथे आग, लाली, सूज हे सगळ्यांनाच होतं. काहींची सूज हातभर पसरते, दोन दिवस वाढत राहते आणि मग ओसरते. दिसायला भयंकर, पण जिवावरचं नाही. तुमच्या सासऱ्यांचं तसं नाही. डंख मानेला आणि गांधी सगळ्या अंगावर, त्यात उलटी, त्यात चक्कर. म्हणजे ॲलर्जीची झळ त्वचेपुरती राहिली नाही, पोटापर्यंत आणि रक्तदाबापर्यंत गेली. डॉक्टर याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्या दिवशी ते आपले आपण सावरले, हे नशीब. एकदा असं झालेल्या मोठ्या माणसाला पुढच्या डंखाला पुन्हा तसं होण्याची शक्यता साधारण तीस ते साठ टक्के धरतात. होईलच असं नाही. पण रोज सकाळी त्या पोळ्याखालून जावं इतकी ती लहानही नाही.

तेव्हा त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. 'गेल्या वर्षी माशी चावली होती' एवढंच सांगाल तर डॉक्टर मान डोलावतील आणि पुढचा पेशंट बोलावतील. नीट सांगा: डंख कुठे झाला, गांधी कुठे कुठे उठल्या, किती मिनिटांत उठल्या, उलटी झाली, उभं राहता येईना. ते रक्तदाबाची, हृदयाची गोळी घेत असतील तर ती पाकिटासकट न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या चालू असताना ॲलर्जी जास्त जोर धरते किंवा तिच्यावरचं इंजेक्शन कमी चालतं. गोळी बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका, त्याने दुसरंच काही होऊन बसेल. आणि तुमच्यापासून दवाखाना लांब असेल, पावसात रस्ता बंद होत असेल, तर तेही सांगा. अशा घरी काही डॉक्टर ॲड्रेनालिनची (हेच ते ॲलर्जीवरचं इंजेक्शन) कुपी आणि सिरिंज ठेवायला देतात आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला ती कशी टोचायची, हे घरातल्या दोघांना शिकवतात. दिली तर शिकून घ्या. लाजू नका, दोनदा विचारा.

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही एक फेरी मारून या. लसीकरण चालतं तिथे ॲड्रेनालिन ठेवावं लागतं. रात्री कोण असतं, गणपतीच्या सुट्टीत कोण असेल, हे आत्ताच विचारलेलं बरं. त्या रात्री फाटकाला कुलूप बघून कळण्यापेक्षा.

आता, पुन्हा डंख झालाच तर. अंगभर खाज-गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला शिट्टी येणं, उलटी, चक्कर, घाम फुटून पांढरं पडणं, यातलं काहीही दिसलं की वाट बघायची नाही. 108ला फोन करायचा. बहुतेकदा हे काही मिनिटांत सुरू होतं, क्वचित तासाभराने. घरात कुपी दिलेली असेल तर ती याच वेळी टोचायची, आणखी बिघडण्याची वाट बघत नाही. सासऱ्यांना आडवं करा आणि पाय उशीवर उंच ठेवा. श्वास लागत असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करू नका, चालवू नका. आणि आपल्याकडे सर्रास होतं ते मुळीच करू नका: मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेणं. रक्तदाब पडलेल्या माणसाला असं ताठ बसवलं की मेंदूकडे आणि हृदयाकडे जाणारं रक्त आणखी कमी होतं. वाटेतच हृदय थांबू शकतं. रुग्णवाहिकेला वेळ असेल तर गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून न्या.

घरात सेट्रिझिनची गोळी असते, ती देऊन लोक निर्धास्त होतात. खाजेला ती बरी. पण घशातली सूज आणि खाली जाणारा रक्तदाब तिने थांबत नाही, तिथे ॲड्रेनालिनच लागतं. आणि दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. काहींना काही तासांनी तोच प्रकार पुन्हा होतो. डॉक्टर थांबा म्हणतील तितका वेळ थांबा.

हे झालं सासऱ्यांचं. आता पोळ्याकडे येतो. दुसऱ्या कुणाचं पत्र असतं तर मी कदाचित म्हटलं असतं, राहू द्या. तुम्ही वर्णन केलेली तांबूस, पिवळ्या पट्ट्याची माशी ही आपल्याकडच्या घरांची नेहमीची भाडेकरू. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी तिच्यावर अनेक दशकं संशोधन केलंय, आणि त्यातून निघालेली एक गोष्ट मला फार आवडते: या माशीच्या पोळ्यातली राणी कोणावर दादागिरी करत नाही. इतकी शांत असते की नुसतं बघून ती ओळखताही येत नाही. अंडी घालताना दिसली तर कळतं. ती गेली की बाकीच्यांतली एक माशी एकदम आक्रमक होते आणि काही दिवसांत गादीवर बसते. बाकीच्या तिला मुकाट्याने राणी मानतात. हे तुमच्या पडवीत, कपड्यांच्या दांडीच्या वरच चाललंय.

त्यांचा उपयोगही आहे. परसातल्या दोडक्या-पडवळावरच्या, वालावरच्या अळ्या पकडून, चावून, त्याचा गोळा करून त्या पिलांना भरवतात. स्वतः मोठ्या माश्या मात्र रसावरच जगतात. कंबर इतकी बारीक की घन काही खाली उतरत नाही. पोळ्याचा राखाडी कागद त्या तुमच्याच घरून नेतात. उन्हापावसाने जून झालेल्या, रंग न दिलेल्या लाकडाचे तंतू खरवडायचे, थुंकीत मळायचे आणि एकेक खण बांधायचा. जुन्या कौलारू घरांवर त्यांचं प्रेम आहे ते यामुळेही.

पण तुमचं पोळं न्हाणीघराच्या वाटेवर आहे, घरात ॲलर्जीचा माणूस आहे, रंगारी शिडी टेकवणार आहे आणि बारकी मुलं येणार आहेत. तेव्हा ते जायला हवं. याबाबत माझ्या मनात शंका नाही. थंडीची वाट बघण्यात तर काहीच अर्थ नाही. नेटवर वाचलंत ते बर्फ पडणाऱ्या देशांतलं. तिथे हिवाळ्यात सगळी वसाहत मरते आणि एकट्या राण्या कुठेतरी दडून राहतात. कोकणात अशी थंडी पडतच नाही. आपल्याकडची ही माशी बारा महिने पोळं चालवते आणि नवं पोळं कुठल्याही महिन्यात सुरू करते.

आता यजमानांचा टेंभा. तो खाली ठेवायला सांगा, आणि माझं नाव सांगून सांगा. तुमच्या पडवीला लाकडी वासे, लाकडी रिपा. मागच्या पडवीत न्हाणीच्या चुलीसाठी लाकूडफाटा आणि सुकी चुडतं रचलेली असणार. कोकणातल्या कुठल्या पडवीत नसतात? पावसाळा आहे म्हणून छप्पर ओलं असेल, असं समजू नका. कौलांखालचं लाकूड कोरडंच असतं, म्हणून तर माश्यांनी ती जागा निवडली. एका हातात शिडी, दुसऱ्यात पेटतं चूड, वरून पंख जळालेल्या माश्या मानेत पडतायत. पंख जळाले तरी नांगी शाबूत असते. माणूस दचकतो, आणि पुढचं सगळं त्या दचकण्यातून होतं. गांधीलमाश्या काढताना माणसं डंखापेक्षा शिडीवरून पडून जास्त मोडतात, असं मला वाटतं. तेव्हा टेंभा नको, रॉकेल नको, पेट्रोलची पिचकारी तर अजिबात नको.

धुराचाही कोणी सल्ला देईल. मधाचं पोळं काढणारे धूर करतात, ते मधमाश्यांसाठी. धूर लागला की मधमाश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि मंदावतात. गांधीलमाशीच्या पोळ्यात मधाचा साठाच नसतो. ती धुराने चिडून उठते, थोडा वेळ भिरभिरते आणि धूर विरला की परत येऊन बसते.

सगळ्यात उत्तम म्हणजे पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. सावंतवाडी-कुडाळकडे मिळतील. फोनवरच सांगा की घरात ॲलर्जीचा माणूस आहे. विचारा की संध्याकाळनंतर येणार का. सकाळी अकराला आला तर निम्म्या माश्या रानात असतात, त्या संध्याकाळी परत येतात आणि पोळं नसलं तरी तिथेच घोंगावतात. आणि औषध मारून तो पोळं देठासकट काढून नेणार आहे की नाही, हे पैसे ठरवण्याआधी विचारून घ्या.

कोणी मिळालाच नाही, गणपती तोंडावर आले, आणि यजमानांना ते स्वतःच करायचंय, तर मग असं. पहिली अट, त्यांना स्वतःला कधी अंगभर गांधी उठलेल्या नसाव्यात. सासऱ्यांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शेजारी नाहीतर नातेवाइकांकडे राहायचं. 'मी आतल्या खोलीत दार लावून बसतो' चालणार नाही. वेळ काळोख पडल्यानंतरची, जवळजवळ सगळ्या माश्या पोळ्यावर बसलेल्या असतात तेव्हाची. अंगात जाड पॅण्ट, पूर्ण बाह्यांचा रेनकोट, पायमोजे पॅण्टवरून ओढलेले, डोक्याला हेल्मेट आणि त्याच्या कडेने मानेपर्यंत गुंडाळलेली ओढणी. उजेड हातात धरायचा नाही, माश्या उजेडाच्या रोखाने येतात. बॅटरी बाजूला, लांब, कठड्यावर ठेवा आणि तिच्यावर लाल जिलेटिन कागद लावा. मखराच्या सामानात तो सापडेलच. लाल उजेड या माश्यांना जवळजवळ दिसत नाही.

औषध म्हणजे दुकानात मिळणारा उडत्या किड्यांचा स्प्रे चालतो, नवा, भरलेला डबा. पण हा स्प्रे पेट घेतो. न्हाणीच्या चुलीत निखाराही नको, कंदील नको, देवाचा दिवा मागच्या बाजूला नको. पाण्याचे हंडे, कपडे, पोरांची खेळणी आधी उचला, गुरांचं आंबोण झाका. जवळ विहीर असेल तर तिच्यावर काहीतरी टाका. ही औषधं पाण्यातल्या माशांना फार विषारी असतात. उभं राहायचं ते पोळ्याच्या बरोबर खाली नाही, तिरकस बाजूला, मागे घरात शिरायला दार उघडं आणि वाट मोकळी. शिडी नाही. जमिनीवरून फवारा पोहोचत नसेल तर हे काम तुमचं नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याचंच आहे. दहा-पंधरा सेकंद सलग पोळं भिजेल असा मारा, आत जा, दार लावा आणि बाहेर बघायला येऊ नका. यजमान येतील, मला माहीत आहे, म्हणून कडी तुम्ही लावा.

सकाळी लांबून बघा. हालचाल नसेल तर लांब काठीने पोळं साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. देठ खरवडून काढा आणि ती जागा साबणाने घासून पुसा. खाली पडलेल्या माश्या झाडूने गोळा करून पुरून टाका, कारण मेलेल्या माशीच्या नांगीनेही अनवाणी पायाला डंख बसतो, आणि तुमच्याकडे अनवाणी धावणारी मुलं येणार आहेत.

यानंतर तीन-चार दिवस काही माश्या त्याच जागी येऊन भिरभिरतील. रात्री बाहेर राहिलेल्या असतात, त्यांना घर सापडत नाही. सासूबाई म्हणतात तो 'डूख' हाच असावा. त्या कोणाला शोधत नसतात. पण त्या दिवसांत सासऱ्यांनी मागच्या दाराने जाऊ नये, आणि रंगाऱ्याला आठवडाभर तरी पडवीचा तो भाग सोडून बाकीचं घर करायला सांगा. वाशावर ठोकाठोक झाली की माश्यांना ते लगेच जाणवतं आणि त्या वाट पाहत नाहीत.

एक गोष्ट तपासायची राहते. तुमचं पोळं उघडं आहे ना? म्हणजे उलटी छत्री, खालून खण दिसणारे, एका देठावर लोंबणारं? तर वर सांगितलं ते लागू. पण घराच्या आसपास कुठे चेंडूसारखं बंद, कागदी, एकच भोक असलेलं पोळं झाडावर असेल, किंवा भिंतीच्या फटीतून, जमिनीच्या बिळातून मोठ्या, काळ्या, पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेल्या माश्या ये-जा करत असतील, तर त्याच्या आसपासही फिरकू नका. ती मोठी गांधील. तिचं विष जास्त, संख्या जास्त आणि ती पाठलाग करते. अशा माश्यांचे वीस-तीस डंख बसले तर ॲलर्जी नसलेल्या माणसाच्याही मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, तोही एक-दोन दिवसांनी. तेव्हा खूप डंख बसले की माणूस बरा दिसत असला तरी दवाखान्यात भरती करायचं, आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर क्षणही घालवायचा नाही. गंमत म्हणजे यातलीच एक मोठी जात तुमच्या पडवीतल्या लहान माश्यांची शत्रू आहे. ती पोळ्यावर धाड घालून पिल्लं पळवते आणि बाकीच्या पोळं सोडून निघून जातात. कधी एखादं पोळं एकाएकी ओस पडलेलं दिसतं, ते तिच्यामुळेही असू शकतं.

आणि आग्या मोहोळ असेल तर ते मधमाश्यांचं, गांधीलमाश्यांचं नव्हे. त्याला औषध मारू नका, जाळू नका, मधपाळाला बोलवा.

सासूबाईंशी एका बाबतीत मी सहमत आहे. देवघराच्या चौकटीवरची कुंभारीण राहू द्या. ही एकटी राहते, तिला ना राणी ना फौज, राखायला पोळं नाही, त्यामुळे ती उगाच अंगावर येत नाही. तिला मुठीत पकडलीत तरच चावेल. ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती खोल्या बांधते, प्रत्येकीत एकेक अंडं आणि सोबत जिवंत, पण डंख मारून लुळे केलेले कोळी किंवा अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. संतसाहित्यात कीटक-भृंगाचा जो दृष्टांत येतो, किडा ध्यास घेऊन शेवटी भृंग होतो, त्याच्या मागे हेच निरीक्षण आहे. अळी आत गेली, माशी बाहेर आली. प्रत्यक्षात अळी खाल्ली गेली, पण त्यासाठी दृष्टांत टाकून द्यायचं कारण नाही. पाळण्याचं म्हणाल तर पाळणा हलतोच आहे, मातीच्या खोलीत, कुंभारणीचा. तेवढं सासूबाईंना सांगून बघा.

मातीला गोल भोकं पडलेली दिसली की पिल्लं उडून गेली असं समजा. मग ओल्या फडक्याने पुसून टाका, सासूबाईंच्या परवानगीने. फक्त प्लगच्या भोकांत, पंपाच्या स्टार्टरमध्ये किंवा पाण्याच्या बारीक नळीत तिने माती भरली तर थांबू नका. मेन स्विच बंद करून लगेच काढा.

आता पाहुणे आल्यावरचं. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की पोळ्याला दगड मारायचा नाही; सांगून एखादा मारणारच, म्हणून मोठ्यांनी आधी घराभोवती फिरून बघा. गोठा, विहिरीचा रहाट, माडाच्या झावळ्या, पाण्याच्या टाकीचं झाकण. माटवीसाठी (गणपतीच्या वर बांधतात ती रानातल्या फळाफुलांची चौकट) कवंडळं आणि हरणाची फुलं आणायला जे रानात जातील, त्यांनी झुडपात हात घालण्याआधी काठीने फांदी हलवून थोडं मागे उभं राहावं. सासरे या वर्षी रानात जाणार नाहीत आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगाशी बसणार नाहीत. त्यांना राग येईल, येऊ द्या. नैवेद्याची फळं, गूळ उघडे ठेवू नका. सरबत पेल्यातून देताना आत बघून द्या. तोंडात किंवा घशात डंख बसला तर ॲलर्जी नसली तरी सूज श्वास अडवू शकते. त्याला बर्फ चोखायला देऊन सरळ दवाखाना.

एखादी माशी अंगावर आली तर मुलांनी हात झाडू नयेत, हळूच मागे सरकावं. पाच-दहा आल्या तर तोंड झाकून घरात पळावं आणि दार लावावं. चावलीच, आणि चावलेला माणूस ॲलर्जीचा नसेल, तर साबणपाणी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, आणि हाताला चावली असेल तर अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढायच्या, सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल. नांगी शोधत बसू नका. गांधीलमाशी नांगी मागे सोडत नाही, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा चावू शकते. नांगी रुतलेली दिसली तर ती मधमाशी होती, नखाने खरवडून पटकन काढा. चुना लावू नका, विष कातडीच्या आत गेलेलं असतं, चुन्याने वरून भाजतं तेवढंच. ओली माती, शेण तर नकोच. लोखंडाची किल्ली घासायला हरकत नाही, आजीला समाधान मिळेल. फक्त त्या वेळात पोराच्या तोंडाकडे, ओठांकडे आणि श्वासाकडे कोणीतरी लक्ष ठेवा, पुढचा तासभर.

गणपती गेले की दर पंधरा दिवसांनी झाडू घेऊन सगळ्या पडव्यांचे वासे बघायचं काम घरातल्या एकाला नेमून द्या, सासऱ्यांना सोडून. नवं पोळं सुरुवातीला एका बारीक देठावर चार-सहा खणांचं असतं आणि त्यावर एक किंवा दोन माश्या. दुपारी त्या बाहेर गेल्या की झाडूच्या टोकाने ते पाडायचं, देठ खरवडायचा, जागा पुसून तिथे थोडं ऑइल पेंट फिरवायचं. ते लिंबाएवढं होईपर्यंत थांबायचं नाही.